यील्ड किती आला? टक्केवारी यील्डबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीच्या मोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) संकल्पनेपासून बीएस्सीच्या ऑरगॅनिक प्रिपरेशनपर्यंत आणि पुढे औषध कारखान्याच्या बॅच रेकॉर्डपर्यंत हे गणित पाठ सोडत नाही. सूत्र एका ओळीचं आहे, तरी प्रश्न येतच राहतात. आलेल्या प्रश्नांवरून दिसतं ते असं, की चूक काचेच्या भांड्यात कमी आणि भागाकाराच्या खालच्या आकड्यात जास्त होते. उदाहरणं मुद्दाम नेहमीच्या प्रॅक्टिकलमधली घेतली आहेत : ॲस्पिरिन, ॲसिटॅनिलाइड, डायबेन्झालॲसिटोन, तुरटी.

१. टक्केवारी यील्ड म्हणजे नेमकं काय?

हातात आलेला पदार्थ आणि समीकरणाप्रमाणे जास्तीत जास्त येऊ शकणारा पदार्थ यांचं शेकड्यातलं गुणोत्तर.

टक्केवारी यील्ड = (प्रत्यक्ष यील्ड ÷ सैद्धांतिक यील्ड) × १००

प्रत्यक्ष यील्ड काट्यावर मिळतो, सैद्धांतिक यील्ड कागदावर. दोन्ही एकाच एककात हवेत, म्हणजे ग्रॅमला ग्रॅमने किंवा मोलला मोलने भागायचं. उत्पादनाच्या ग्रॅमला सुरुवातीच्या पदार्थाच्या ग्रॅमने भागलं, तर जे येतं ते टक्केवारी यील्ड नव्हे. कारखान्यात तसाही एक आकडा वापरतात, पण त्याचं नाव आणि अर्थ वेगळा आहे (प्रश्न १५).

२. सैद्धांतिक यील्ड कसा काढायचा? एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा.

ॲस्पिरिन घेऊ. सॅलिसिलिक ॲसिड २.०० ग्रॅम, ॲसेटिक अनहायड्राइड ५.० मिली, आणि उत्प्रेरक म्हणून तीव्र सल्फ्युरिक ॲसिडचे काही थेंब. समीकरणात एका मोल सॅलिसिलिक ॲसिडला एक मोल अनहायड्राइड लागतं आणि एक मोल ॲस्पिरिन मिळतं.

सॅलिसिलिक ॲसिडचं मोलर वस्तुमान (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) १३८.१२. म्हणून २.०० ÷ १३८.१२ = ०.०१४४८ मोल.

अनहायड्राइड द्रव आहे, म्हणून आधी घनतेने गुणायचं : ५.० × १.०८ = ५.४ ग्रॅम. मोलर वस्तुमान १०२.०९, म्हणजे ०.०५३ मोल. हे गरजेच्या साडेतीन पटीहून जास्त आहे. तेव्हा आधी संपणार ते सॅलिसिलिक ॲसिड, आणि गणित त्याच्यावरच चालणार.

ॲस्पिरिनचं मोलर वस्तुमान १८०.१६. सैद्धांतिक यील्ड = ०.०१४४८ × १८०.१६ = २.६१ ग्रॅम.

वाळवून २.१० ग्रॅम मिळालं असेल, तर २.१० ÷ २.६१ × १०० = ८०.५ टक्के.

लक्षात घ्या, २ ग्रॅम टाकून २.१० ग्रॅम मिळालं म्हणजे 'शंभराच्या वर गेलं' असं होत नाही. रेणूला ॲसिटिल गट चिकटून त्याचं वजन वाढलेलं आहे.

३. लिमिटिंग रिएजंट (आधी संपणारा पदार्थ) म्हणजे ज्याचं वजन कमी, तोच ना?

नाही. ज्याचे मोल कमी, तोही नाही. मोलांना समीकरणातल्या सहगुणकाने भागल्यावर ज्याचा आकडा सर्वांत लहान येतो, तो.

डायबेन्झालॲसिटोनमध्ये दोन मोल बेन्झाल्डिहाइडला एक मोल ॲसिटोन लागतं. बेन्झाल्डिहाइड ५.३० ग्रॅम (मोलर वस्तुमान १०६.१२) म्हणजे ०.०४९९ मोल. ॲसिटोन २.०० ग्रॅम (५८.०८) म्हणजे ०.०३४४ मोल. ग्रॅममध्येही ॲसिटोन कमी, मोलमध्येही कमी. पण सहगुणकाने भागा : बेन्झाल्डिहाइड ०.०२५०, ॲसिटोन ०.०३४४. आधी संपणार बेन्झाल्डिहाइडच.

सैद्धांतिक यील्ड = ०.०२५० × २३४.३ = ५.८५ ग्रॅम. ४.७ ग्रॅम पिवळे स्फटिक मिळाले तर ८० टक्के. दोनने भागायचं विसरलं, तर सैद्धांतिक यील्ड ११.७ ग्रॅम दिसतो आणि तेच स्फटिक ४० टक्क्यांवर येतात. यील्ड संशयास्पदरीत्या निम्मा किंवा दुप्पट दिसला, की प्रयोगाला दोष देण्याआधी सहगुणक तपासा.

जाता जाता : या अभिक्रियेत ॲसिटोन जास्त घालणं फायद्याचं नसतं. जादा ॲसिटोनमुळे एकाच बाजूने जोडलेलं बेन्झालॲसिटोन वाढतं आणि डायबेन्झालॲसिटोनचा यील्ड घसरतो. 'एक पदार्थ जास्त घ्या म्हणजे झालं' हा नियम सगळीकडे चालत नाही.

४. कृतीत द्रव मिलीमध्ये दिलेले असतात. ते थेट ग्रॅम धरले तर चालतं का?

ॲनिलीनसारख्या द्रवाची घनता १.०२ आहे, तिथे ५ मिलीचे ५ ग्रॅम धरले तर चूक दोन टक्क्यांची. खपून जाते, पण सवय वाईट.

तीव्र आम्लांमध्ये ही सवय अंगाशी येते. बाटलीतलं हायड्रोक्लोरिक ॲसिड सुमारे ३७ टक्के असतं आणि घनता १.१८. म्हणजे १० मिलीचं वजन ११.८ ग्रॅम, त्यात खरं हायड्रोजन क्लोराइड ४.३७ ग्रॅम, म्हणजे ०.१२ मोल. १० मिली म्हणजे १० ग्रॅम शुद्ध आम्ल धरलं, तर ०.२७ मोल येतात, दुपटीहून जास्त. अशा गणितात लिमिटिंग रिएजंटच बदलून जातो. आधी घनता, मग बाटलीवरची टक्केवारी, मग मोलर वस्तुमान, हा क्रम सोडू नका.

५. उत्प्रेरकाचे मोल सर्वांत कमी आहेत. मग तो लिमिटिंग रिएजंट का नाही?

कारण तो संपत नाही. वरच्या ॲस्पिरिनमध्ये सल्फ्युरिक ॲसिडचे चार थेंब असोत की सहा, सैद्धांतिक यील्ड २.६१ ग्रॅमच. द्रावकाचंही तसंच.

६. माझा यील्ड ११२ टक्के आला. प्रयोग फारच चांगला झाला म्हणायचा का?

वस्तुमान अक्षय्यतेच्या नियमाने ते शक्य नाही. काट्यावर तुमच्या उत्पादनाखेरीज आणखी काहीतरी बसलं आहे, किंवा खालचा आकडा चुकला आहे. जर्नलमध्ये ११२ खोडून ९२ लिहिणारे बरेच असतात. त्यापेक्षा ११२ ठेवून कारण लिहिलेलं परीक्षकाला जास्त पटतं.

पहिला संशयित पाणी. ब्युकनर फनेलवरून (हवा ओढून गाळायच्या फनेलवरून) काढलेला पदार्थ कोरडा दिसला तरी त्यात भरपूर पाणी धरलेलं असतं (प्रश्न ८).

दुसरा फिल्टर पेपर. पेपरसकट वजन करून कोऱ्या पेपरचं वजन वजा करायचं राहिलं, तर नेहमीच्या ११ सेंमीच्या गोल पेपरमुळे पाऊण-एक ग्रॅम वाढतं. अडीच ग्रॅमच्या ॲस्पिरिनमध्ये तेवढ्याने टक्केवारी तीसेक अंकांनी वर सरकते.

तिसरा, अभिक्रिया न झालेला सुरुवातीचा पदार्थ. ॲस्पिरिनमध्ये हे ओळखणं सोपं आहे. चिमूटभर पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. जांभळा रंग आला, तर सॅलिसिलिक ॲसिड शिल्लक आहे. द्रवणांकही सांगतो : शुद्ध ॲस्पिरिन १३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. त्याखाली आणि बऱ्याच पसरट अंतरात वितळत असेल, तर भेसळ आहे.

चौथा, नीट न धुतले गेलेले क्षार. डायबेन्झालॲसिटोनमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड राहून जातं. धुतलेल्या पाण्यावर लाल लिटमस निळा होत असेल, तर अजून धुवा.

एवढं सगळं तपासून झाल्यावरही आकडा वरच असेल, तर मोलर वस्तुमान पुन्हा पाहा. बहुधा स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बांधलेलं पाणी, विसरलेलं असतं. त्यासाठी पुढचा प्रश्न.

७. तुरटी आणि मोरचुदाच्या गणितात स्फटिकजल धरायचं का?

धरायचंच, कारण काट्यावर ते बसलेलं असतं. १.००० ग्रॅम ॲल्युमिनियम फॉइलपासून पोटॅश तुरटी केली, तर एका मोल ॲल्युमिनियमपासून एक मोल तुरटी येते. १.००० ÷ २६.९८ = ०.०३७०६ मोल. बारा रेणू पाण्यासकट तुरटीचं मोलर वस्तुमान ४७४.४, म्हणून सैद्धांतिक यील्ड १७.५८ ग्रॅम. पाणी सोडून दिलं तर मोलर वस्तुमान २५८.२ आणि 'सैद्धांतिक' यील्ड ९.५७ ग्रॅम.

हातात १२.० ग्रॅम स्फटिक आले. खरा यील्ड ६८ टक्के, चुकीच्या गणिताने १२५.

उलट चूकही होते. सुरुवातीचा पदार्थच स्फटिकजलाचा असेल, जसं मोरचूद (मोलर वस्तुमान २४९.७), आणि गणितात निर्जल कॉपर सल्फेटचं १५९.६ धरलं, तर सुरुवातीचे मोल दीडपटीहून जास्त दिसतात आणि यील्ड विनाकारण कमी येतो. बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचणं हाच उपाय.

फॉइलऐवजी शीतपेयाचा कॅन वापरला असेल, तर बाहेरचा रंग आणि आतला प्लास्टिकचा थर घासून काढल्यावरच वजन करा. नाहीतर जे ॲल्युमिनियम नाही, त्याचाही हिशेब धरला जातो.

८. पदार्थ किती वेळ वाळवायचा?

घड्याळाने नाही, काट्याने ठरवा. वाळवा, थंड करा, वजन घ्या, पुन्हा अर्धा तास वाळवा, पुन्हा वजन घ्या. लागोपाठच्या दोन वजनांत ०.०१ ग्रॅमहून जास्त फरक नसेल, तर झालं. गरम वॉच ग्लास काट्यावर ठेवू नका. वर जाणाऱ्या गरम हवेमुळे वजन कमी दिसतं.

तापमान मात्र पदार्थ पाहून. ओलं ॲस्पिरिन १०० अंशांच्या ओव्हनमध्ये टाकलं, तर जलापघटन (पाण्याने रेणू तुटणं) होऊन पुन्हा सॅलिसिलिक ॲसिड तयार व्हायला लागतं. ओव्हन उघडताच येणारा व्हिनेगरचा वास ही त्याची खूण. तुरटी ९२–९३ अंशांना स्वतःच्याच स्फटिकजलात वितळते. तिला ओव्हन नकोच. दोन फिल्टर पेपरमध्ये दाबून हवेवर सुकवा.

९. यील्ड नेहमी कमीच का येतो? पदार्थ जातो कुठे?

थोडा भांड्यांना चिकटतो, थोडा उपअभिक्रियांत जातो, थोडा अभिक्रियाच पूर्ण न झाल्याने तयार होत नाही. पण प्रॅक्टिकलच्या टेबलावर सर्वांत मोठी गळती बहुतेक वेळा मदर लिकरमधून (स्फटिक गाळल्यावर उरणाऱ्या द्रावणातून) होते, आणि ती आधीच मोजता येते.

ॲसिटॅनिलाइड घ्या. ५.० मिली ॲनिलीनपासून सैद्धांतिक यील्ड ७.४० ग्रॅम. क्रूड, म्हणजे शुद्ध न केलेलं, ६.५ ग्रॅम मिळालं, म्हणजे ८८ टक्के. ते पाण्यातून रिक्रिस्टलाइझ करायचं आहे, म्हणजे गरम पाण्यात विरघळवून थंड करून पुन्हा स्फटिक काढायचे आहेत. उकळत्या पाण्यात १०० मिलीला सुमारे ५ ग्रॅम विरघळतं, २५ अंशांना जेमतेम अर्धा ग्रॅम. ६.५ ग्रॅमला १३० मिली पाणी पुरतं आणि थंड झाल्यावर सुमारे ०.६५ ग्रॅम पाण्यात राहतं. हाती ५.८५ ग्रॅम, यील्ड ७९ टक्के. 'लवकर विरघळावं' म्हणून ३०० मिली ओतलं, तर दीड ग्रॅम पाण्यात राहतं. हाती ५.० ग्रॅम, यील्ड ६८ टक्के. अकरा टक्के फक्त जास्तीच्या पाण्याने नेले.

म्हणून उकळतं पाणी थोडंथोडं घाला, विरघळेल इतपतच. गाळायचं फनेल गरम ठेवा, नाहीतर स्फटिक फनेलच्या देठातच धरतात. बर्फात थंड करा. आणि धुवायला बर्फाचं पाणी घ्या, तेही दोनदा थोडंथोडं. ॲस्पिरिनसुद्धा २५ अंशांच्या पाण्यात १०० मिलीला सुमारे ०.३ ग्रॅम विरघळतं. नळाखाली सढळ हाताने धुतलेलं ॲस्पिरिन सिंकमध्ये जातं.

१०. जर्नलमध्ये क्रूडचा यील्ड लिहायचा की रिक्रिस्टलाइझ केलेल्याचा?

दोन्ही, नाव घालून. बेरजेचा किंवा टक्केवारीचा खेळ करायचा नाही : दोन्हींना भागायचं ते मूळ सैद्धांतिक यील्डनेच. ५.८५ ला क्रूडच्या ६.५ ने भागून येणारे ९० टक्के ही फक्त रिक्रिस्टलायझेशनची रिकव्हरी झाली.

मदर लिकर आटवून दुसरं पीक काढलं, तर यील्ड वाढतो, पण ते पीक बहुधा कमी शुद्ध असतं. त्याचा द्रवणांक वेगळा घेतल्याशिवाय पहिल्या पिकात मिसळू नका.

११. काळजी घेऊनही एस्टरचा यील्ड ६५ टक्क्यांच्या वर जात नाही. हातच वाईट आहे का?

हाताचा दोष नाही, समतोल आहे : अभिक्रिया उलट दिशेनेही होत असते. ॲसेटिक ॲसिड आणि इथेनॉल यांच्या एस्टरीकरणाचा समतोल स्थिरांक सुमारे ४ आहे. दोन्ही एकेक मोल घेतले, तर गणिताने दोन तृतीयांशच रूपांतर होतं, म्हणजे ६६.७ टक्के. कितीही तास रिफ्लक्स करा (वाफ थंड करून परत सोडत उकळा), आकडा तिथेच थांबणार.

इथेनॉल दुप्पट घेतलं तर ८४.५ टक्के, तिप्पट घेतलं तर ९० टक्क्यांपर्यंत मर्यादा जाते. टक्केवारी अर्थातच ॲसेटिक ॲसिडवर काढायची. ज्या एस्टरीकरणात शक्य असेल तिथे तयार होणारं पाणी डीन-स्टार्क उपकरणाने काढून घेतात, की समतोल पुढे सरकतो.

सैद्धांतिक यील्ड काढताना मात्र समतोल मध्ये आणायचा नाही. खालचा आकडा पूर्ण रूपांतर धरूनच.

१२. वायू गोळा केला तर यील्ड कसा काढायचा?

आकारमानावरून, पण पाण्याच्या वाफेचा दाब वजा करून. ०.०४८६ ग्रॅम मॅग्नेशियम (०.००२०० मोल) आणि जादा हायड्रोक्लोरिक ॲसिड यांतून २५ अंश आणि ७६० मिमी दाबाला ४८.९ मिली कोरडा हायड्रोजन अपेक्षित आहे. पाण्यावर गोळा केला, तर त्यात २३.८ मिमी दाबाची वाफ असते, म्हणून नळीत ५०.५ मिली दिसेल. वाफ विसरलात की १०३ टक्के. आणि २२.४ लिटरचा आकडा शून्य अंशाचा आहे, खोलीच्या तापमानाला तो लावू नका.

१३. पदार्थ १०० टक्के शुद्ध नसेल तर?

सुरुवातीचा अशुद्ध असेल, तर खालचा आकडा दुरुस्त करायचा. ८० टक्के कॅल्शियम कार्बोनेट असलेली १० ग्रॅम चुनखडी भाजली, तर हिशेब ८ ग्रॅमचा, चुना ४.४८ ग्रॅम. उत्पादन अशुद्ध असेल, तर वरचा आकडा. प्रश्न २ मध्येच समजा २.३० ग्रॅम मिळालं आणि तपासणीत शुद्धता ९२ टक्के आली, तर खरं ॲस्पिरिन २.१२ ग्रॅम. ८८ टक्के वाटणारा यील्ड ८१ वर येतो. कारखान्यात याला 'ॲसे लावून यील्ड' म्हणतात (ॲसे म्हणजे शुद्धतेची तपासणी).

१४. कन्व्हर्जन, सिलेक्टिव्हिटी आणि यील्ड यांत फरक काय?

१०० मोल टाकले, ८० संपले, त्यांतल्या ६० चं हवं ते उत्पादन झालं (प्रमाण एकास एक धरून). कन्व्हर्जन ८० टक्के, सिलेक्टिव्हिटी ६० ÷ ८० = ७५ टक्के, यील्ड ६० टक्के. पहिल्या दोघांचा गुणाकार म्हणजे तिसरा.

एका फेरीचा यील्ड कमी असूनही प्रक्रिया उत्तम चालू शकते. हाबर पद्धतीत वायू उत्प्रेरकावरून एकदा जाताना साधारण १५ टक्क्यांच्या आसपासच अमोनिया होतो. अमोनिया थंड करून काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन-हायड्रोजन पुन्हा फिरवतात, म्हणून एकंदर रूपांतर ९७ टक्क्यांच्या घरात जातं. अलिबागजवळच्या थळचा आणि मुंबईतल्या ट्रॉम्बेचा खत कारखाना याच तत्त्वावर अमोनिया करतात.

प्रयोगशाळेत असंच होतं तेव्हा काही शोधनिबंध 'परत मिळालेला सुरुवातीचा पदार्थ वजा करून' यील्ड देतात. १० मोलांपैकी ३ परत मिळाले आणि ५.६ मोल उत्पादन झालं, तर साधा यील्ड ५६ टक्के, वजा करून ८० टक्के. गैर काही नाही, पण कोणता आकडा दिलाय ते स्पष्ट हवं. आणि ते ३ मोल प्रत्यक्ष वेगळे काढून वजन केलेले हवेत, अंदाजाने धरलेले नव्हेत.

१५. प्लांटमध्ये 'यील्ड १.१५' असं लिहितात. ११५ टक्के कसा?

तो टक्केवारी यील्ड नाही, तो 'डब्ल्यू बाय डब्ल्यू' यील्ड : एक किलो मुख्य कच्च्या मालाला किती किलो उत्पादन. तारापूर, महाड, कुरकुंभ इथल्या कारखान्यांत नव्याने लागलेल्या पदवीधरांचा पहिला गोंधळ बहुधा इथेच होतो.

ॲस्पिरिनचा सैद्धांतिक डब्ल्यू बाय डब्ल्यू १८०.१६ ÷ १३८.१२ = १.३०४. म्हणजे १.१५ म्हणजे १.१५ ÷ १.३०४ = ८८ टक्के. खर्चाच्या हिशेबाला हा आकडा सोयीचा, कारण किती किलो माल मागवायचा ते लगेच कळतं. पण दोन वेगळ्या अभिक्रियांची तुलना त्यावरून करू नका. रेणूचं वजन घटणाऱ्या अभिक्रियेत ०.७ हासुद्धा उत्कृष्ट यील्ड असू शकतो.

१६. पाच पायऱ्यांचं संश्लेषण, प्रत्येकी ९० टक्के. एकूण यील्ड ९० टक्केच ना?

सरासरी नाही, गुणाकार. ०.९ पाच वेळा गुणून ५९ टक्के. दहा पायऱ्या असतील तर ३५. एखादी पायरी ४० टक्क्यांची असेल, तर ती सुरुवातीला असलेली परवडते. शेवटी आली तर तोवर खर्च झालेला सगळा माल तिथे वाया जातो, जरी अंतिम टक्केवारी तीच राहत असली तरी.

१७. यील्ड ९५ टक्के म्हणजे कचरा ५ टक्के?

नाही. यील्ड फक्त लिमिटिंग रिएजंटचा हिशेब देतो. ॲस्पिरिनमध्ये यील्ड १०० टक्के आला, तरी प्रत्येक मोलामागे एक मोल ॲसेटिक ॲसिड बाहेर पडतंच. समीकरणातल्या एकूण वजनापैकी ॲस्पिरिनचा वाटा १८०.१६ ÷ २४०.२१, म्हणजे ७५ टक्के. याला ॲटम इकॉनॉमी म्हणतात. ही कल्पना बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडली. आयबुप्रोफेनची जुनी सहा पायऱ्यांची पद्धत या मापाने ४० टक्क्यांची होती, नंतरची तीन पायऱ्यांची ७७ टक्क्यांची. जादा घातलेलं अनहायड्राइड, द्रावक आणि धुण्याचं पाणी तर या हिशेबातही येत नाही.

१८. उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत लिहायचं?

काटा जेवढं सांगतो तेवढंच. उत्पादन २.१ ग्रॅम इतकंच मोजलं असेल, तर ८०, आणि २.१० मोजलं असेल, तर ८०.५. कॅल्क्युलेटरवरचे ८०.४९८ जर्नलमध्ये उतरवले, तर व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येतो.